जिवंतपणीच ऐकून घ्या

सुवार्ताबाई मला पहिल्यांदा भेटल्या तेव्हा माझ्या हातात पाण्याची बादली होती. त्यांनी कंपाउंडच्या भिंतीवरून वाकून मला विचारलं, "तुमच्या मयताला कंचं गाणं म्हणायचं?"

आम्ही त्या घरात राहायला येऊन जेमतेम आठवडा झाला होता. नव्या शेजाऱ्याला लोक विचारतात, गाव कुठलं, नोकरी कुठं, भाडं किती ठरलं. ही सगळी उत्तरं माझ्याकडे तयार होती. मयताचं नव्हतं. मी चाचरत म्हणालो, "आमच्यात गाणं म्हणत नाहीत." त्यावर बाईंनी माझ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं, की मला माझ्या झाडून सगळ्या पूर्वजांची कीव आली. "न्हाई? मग नुसतंच न्हेत्यात?" एवढं म्हणून त्या आत गेल्या. मी बादली तिथंच ठेवली आणि घरात जाऊन बायकोला सांगितलं, की शेजार जरा जपून करायला हवा.

तर या सुवार्ताबाई सातपुते. कृष्णाकाठच्या आमच्या तालुक्याच्या गावात एक जुनं, दगडी, कौलारू चर्च आहे. त्याच्या मागच्या, आमच्या घराला भिंत लागून असलेल्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहतात. दवाखान्यात नर्स होत्या, पुढे मेट्रन झाल्या, मग निवृत्त झाल्या. पण ही झाली पोटापाण्याची गोष्ट. त्यांची खरी नोकरी म्हणजे चर्चमधला ऑर्गन वाजवणं आणि तिथली गाणारी मंडळी वळणावर ठेवणं. ही नोकरी बिनपगारी असल्यामुळे तिच्यातून निवृत्त होता येत नाही. बाई मूळच्या वाईच्या. वडील तिथं ऑर्गन वाजवायचे. पोरीचे पाय ज्या दिवशी ऑर्गनच्या पायट्यांना पोचले त्या दिवशी त्यांनी तिला स्टुलावर बसवलं. "तवापासनं उठायला सवडच मिळाली न्हाई," असं बाई सांगतात.

ऑर्गन म्हटल्यावर सिनेमातला भिंतभर नळ्यांचा ऑर्गन डोळ्यांपुढे आणू नका. ही आपली साधी पायपेटी. वर पट्ट्या, खाली दोन पायटे. पाय हलवत राहायचं तेव्हा कुठं भात्यात वारा भरतो. पाय थांबले की आवाज संपला. इतकी वर्षं हा उद्योग केल्यामुळे बाईंच्या पायांना आता पेटीची गरज उरलेली नाही. त्या भाजी निवडत असल्या तरी पाय चालू असतात. साताऱ्याहून येताना एसटीत पुढच्या सीटवरच्या माणसानं कंडक्टरकडे तक्रार केली होती, की मागची बाई मघापासून लाथा घालतेय. बाई शांतपणे म्हणाल्या, "लाथा न्हाईत. तिसरं कडवं हाय." कंडक्टरनं त्या माणसालाच दुसऱ्या सीटवर बसवलं.

हातपेटीचा मात्र त्यांना भयंकर राग. ती उचलून कुठंही नेता येते, स्वस्त मिळते, असं कुणी सुचवलं की त्या विचारतात, "जेवताना एका हातानं पंखा हालवत बसतासा व्हय?" हातपेटीचा भाता एका हातानं हलवावा लागतो, त्याचा हा राग.

आता मयताच्या गाण्याचं सांगतो. बाईंचं म्हणणं अगदी सरळ होतं. माणूस गेला की त्याच्या आवडीचं गाणं चर्चमध्ये म्हणतात, आणि तेही चार आवाजांत. बायकांचे दोन, वरचा म्हणजे सोप्रानो आणि मधला म्हणजे आल्टो. पुरुषांचे दोन, चढा म्हणजे टेनर आणि खालचा. चौघांचे चार रस्ते, पण मुक्कामाला सगळे एकत्र पोचायचे. हे बसवायला महिना-महिना घाम गाळावा लागतो. "आन् ज्याच्यासाठी गाळायचा तो तिथं आडवा," बाई म्हणायच्या. "त्याला काय कळतंय टेनर चुकला का आल्टो? जिवंतपणीच ऐकून घ्या की!"

म्हणून त्यांनी पद्धत पाडली. चर्चमधल्या प्रत्येक वयस्कर माणसानं आपलं गाणं आधी सांगायचं. ते बसवून झालं की एका रविवारी उपासनेनंतर त्याला पहिल्या बाकावर बसवायचं आणि त्याच्यासमोर ते गायचं. गावात या प्रकाराला 'बाईंची रंगीत तालीम' म्हणतात. सुरुवातीला लोक बिचकायचे. एका सुनेनं तर सासऱ्याचं गाणं बसवायला घेतलं म्हणून बाईंशी कडाक्याचं भांडण केलं. सासरे मात्र नवी विजार शिवून पहिल्या बाकावर हजर होते.

शामुवेल आण्णा म्हणून एक निवृत्त सुभेदार होते. त्यांची तालीम तर सगळ्या गावाला माहीत आहे. आण्णांनी आपलं अख्खं गाणं सावधान बसून ऐकलं आणि संपल्यावर म्हणाले, "टेनर को बोलो, थोडा कम करे." टेनर म्हणजे आमचा दावीद, पिठाच्या गिरणीचा मालक. दिवसभर मोटरीवर ओरडून गिऱ्हाइकांशी बोलायची सवय असल्यामुळे त्याला कमी करणं जमत नाही.

पुढं आण्णा आजारी पडले ते नेमके पावसाळ्यात. आता त्या पेटीची एक खोड आहे. दमट हवेत मधली एक पांढरी पट्टी फुगते. दाबली की खालीच बसते आणि सगळ्या गाण्यावर एकच सूर रडत राहतो. आण्णांच्या गाण्यात ही पट्टी ओळीओळीला लागायची. बाई त्यांच्या खाटेपाशी जाऊन बसल्या, नाडी बघितली, आणि म्हणाल्या, "आण्णा, तुमच्या गाण्यात ती पट्टी हाय. पावसाळ्यात जाऊ नका."

"हुकूम हाय का?" आण्णांनी विचारलं.

"हुकूमच समजा."

आण्णा पावसाळाभर थांबले. दिवाळी झाली, ऊस तुटून कारखान्याला गेला, आणि एका कोरड्या, लख्ख सकाळी आण्णा गेले. पट्टी अगदी वेळेवर वर येत होती. दावीदनं त्या दिवशी खरोखरच आवाज कमी ठेवला. रडत असल्यामुळे त्याला तसाही तो काढता येत नव्हता.

मी या सगळ्यात कसा सापडलो तेही सांगायला हवं. माझा मेव्हणा विट्याचा. विट्याची निम्मी माणसं सोनं गाळायला देशभर पांगली आहेत, तसा हाही कोइमतूरला गलाईचं दुकान चालवतो. त्याच्याशी फोनवर बोलायचं तर मला वाटतं की आवाज कोइमतूरपर्यंत आपणच पोचवायचा असतो. एका संध्याकाळी माझं असं बोलणं चालू असताना बाई थेट आमच्या स्वयंपाकघरात आल्या, फोन संपेपर्यंत डोळे मिटून उभ्या राहिल्या, आणि बायकोला म्हणाल्या, "मंदा, तुझा नवरा तळ हाय."

तळ म्हणजे बेस, सगळ्यात खालचा आवाज. तो आवाज लावणारे शेवटचे गृहस्थ मुलाकडे पुण्याला गेल्यापासून बाईंचं गाणं बिनबुडाचं झालं होतं. मी म्हणालो, "बाई, मी तर देवळातही धड जात नाही." त्या म्हणाल्या, "मी कुठं तुमाला देवासाठी बोलावतीय? मला खालचा सूर पायजे." असा मी चर्चमध्ये गायला लागलो. गावाकडून आई आली तेव्हा तिनं धसकून विचारलं, "ख्रिस्ती झालास व्हय रं?" मी सांगितलं, "नाही आई, तळ झालोय."

पुढं प्रकरण वाढतच गेलं. बाई माणसांना नावानं हाक मारत नाहीत, आवाजानं मारतात. भर बाजारात "ए आल्टो, वांगी कशी लावली गं?" असं ऐकू आलं की समजायचं, बाई आल्या. मला त्या एसटी स्टँडवर "ओ तळ!" म्हणून बोलावतात, तेव्हा चार माणसं माझ्या पायांकडे बघतात. मेव्हण्याशी फोनवर बोलताना माझा आवाज जरा चढला, की पलीकडून भिंतीवर उलथन्याचा ठोका पडायचा आणि बाई ओरडायच्या, "तळ वर आला!" मग मी भाच्याच्या बारशाचं बोलणंसुद्धा खालच्या पट्टीत पुरं करायचो.

तालमीत त्यांचा मुख्य शब्द म्हणजे "परत!" दुसरं एक वाक्य होतं. कुणी म्हणालं, बाई, चालतंय की, देवाला भाव कळतो, की त्या म्हणायच्या, "देव सोसतो. मी सोसणार न्हाई."

आणि हे सगळं त्या आमच्याकडे पाठ करून बोलायच्या. पेटी भिंतीला लावलेली, बाईंचं तोंड भिंतीकडे, आम्ही त्यांच्या मागं. दोन्ही हात पट्ट्यांवर, दोन्ही पाय पायट्यांवर. मग खुणा कशानं करायच्या? अंबाड्यानं. बाईंचा अंबाडा चांगला नारळाएवढा, त्यात एक पेन्सिल खोचलेली. अंबाडा वर गेला की श्वास घ्यायचा, खाली आला की सुरुवात. डावीकडे कलला तर बायका मागं पडल्यात, उजवीकडे कलला तर पुरुष. सगळाच जोरात हलायला लागला तर, "उचला, झोपलात काय!" मी सांगलीला मोठ्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम पाहिलाय, तिथं काठी घेऊन एक गृहस्थ हातवारे करत होते. आमचा अंबाडा जास्त बोलतो.

याच अंबाड्यानं एका लग्नात घात केला. नवरी वडिलांचा हात धरून दारातून आत यायची, तेव्हा सावकाश चालीचं एक गाणं असतं. चालीच्या ठेक्यावर एकेक पाऊल टाकायचं, हे बाईंनी मुलीला आठवडाभर शिकवलं होतं. नवरी दारात आली, आम्ही सुरू केलं, आणि कुठूनशी एक गांधीलमाशी येऊन बाईंच्या अंबाड्यावर बसली. बाईंचे हात अडकलेले. त्यांनी मान झटकली. आम्ही पाहिलं, अंबाडा जोरात हलतोय. आम्ही उचललं. माशी हलेना, बाईंनी आणखी झटकली, आम्ही आणखी उचललं. मंडळी आपली का पळतायत हे बाईंना कळेना, पण गाणाऱ्यांना सोडायचं नाही हा पेटीचा धर्म, म्हणून त्याही मागून पळू लागल्या. मुलगी शिकवल्याप्रमाणे ठेक्यावर पाऊल टाकत होती. वडिलांच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. नवरदेव तोंडावरचा घाम पुसून रुमाल खिशात घालतोय तोवर नवरी धापा टाकत शेजारी येऊन उभीसुद्धा राहिली. वडील मागच्या मागं एका बाकावर बसले.

बाई आमच्यावर कधी नव्हे एवढ्या चिडल्या. दावीदनं खुलासा केला, "आवं बाई, अंबाडा हालत हुता." तेव्हा बाईंनी अंबाड्याला हात लावला आणि त्यांना माशी चावली.

एवढं सगळं आम्ही प्रेमानं चालवून घेत होतो. पण गेल्या वर्षी बाईंनी एक नवीन खूळ काढलं. गाणं ऐन रंगात आलं की मध्येच त्या पेटीवरचे हात उचलायच्या. तालमीत, रविवारच्या उपासनेत, कुठंही. पेटीचा आवाज तुटला की आम्ही अंधारात पायरी चुकल्यासारखे एकमेकांवर आदळायचो. सोप्रानो खाली यायची, दावीद एकटाच वर राहायचा. मग बाई पुन्हा हात ठेवायच्या आणि गाणं कसंबसं मार्गी लागायचं. चर्चचे पाळकसाहेब शांत माणूस, पण त्यांनीही हात जोडून विनंती केली, की निदान प्रार्थनेच्या गाण्यात तरी असं करू नका. बाई म्हणाल्या, "दोन ओळी पेटीबिगर गाता येत न्हाईत, आन् स्वर्गात गायच्या गोष्टी करत्यात." आम्हाला वाटलं, परीक्षा घेतायत. दावीदचं मत स्पष्ट होतं, "बाईंची सटकलीय, गड्या."

मला संशय आला तो भिंतीमुळे. चैत्रात एकदा मेव्हण्याशी बोलताना भावकीचा विषय निघाला आणि माझा आवाज पार कौलांना लागला. बोलता बोलता मी ठोक्याची वाट पाहत होतो. ठोका आला नाही. मी मुद्दाम आणखी ओरडलो. मेव्हणा घाबरला, पण भिंत गप्प. मी पलीकडे जाऊन पाहिलं, तर बाई ओट्यापाशी उभ्या, पाठमोऱ्या. कुकरची शिट्टी होत होती. एक झाली, दुसरी झाली, तिसरी झाली, आणि त्या कुकरकडे बघत शिट्टीची वाट पाहत होत्या.

मी गॅस बंद केला. बाई दचकल्या. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना काय ते कळलं. म्हणाल्या, "मिरजेला न्हेशील? आन् कुणाला बोलू नगंस." इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदा मला एकेरीत बोलल्या.

मी त्यांना स्कूटरवरून मिरजेला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. वाटेत मागच्या पायट्यावर त्यांचा पाय चालूच होता, गाडी थरथरत होती. डॉक्टरांनी तपासलं आणि गोड शब्दांत सांगितलं, की डावा कान जवळजवळ गेला आहे, उजवाही त्याच वाटेनं चालला आहे. यंत्र लावून माणसाचं बोलणं कळेल, पण गाण्याचं तसं सांगता येत नाही. आणि वेग पाहता, जे ऐकायचं ते लवकर ऐकून घ्या. बाईंनी विचारलं, "डिसेंबरपतोर?" डॉक्टर चिठ्ठी लिहायला लागले. बाई स्वतः नर्स होत्या. डॉक्टर उत्तराऐवजी चिठ्ठी लिहितात म्हणजे काय, हे त्यांना सांगायला नको होतं.

परत येताना रसवंतीवर थांबलो. चरकाच्या घुंगरांचा आवाज चालला होता. मी म्हणालो, "बाई, मग त्या पेटीवरनं हात का उचलता? कानाला त्रास होतो म्हणून?"

बाई ग्लासात बघत म्हणाल्या, "न्हाई रं. तुमी ऐकू यावं म्हणून."

मला कळलं नाही. मग त्यांनी एकदाच काय ते सांगून टाकलं. "ती पेटी माझ्या छातीशी, आन् तुमी सगळी पाठीमागं. पायट्यांची खडखड, भात्याची घरघर. त्यातनं कुठं कोण चुकलं तेवढं ऐकू येतंय. पर सगळं मिळून कसं वाटतंय, ते मला कवाच ऐकाय मिळालं न्हाई. गावानं ऐकलं, आण्णांनी ऐकलं. मी बसवलेलं गाणं मीच ऐकलं न्हाई. म्हटलं, कान हायत तवर एकदा ऐकावं. हात उचलते, तर तुमी लगीच पडताय."

मी हातातला ग्लास खाली ठेवला. मग विचारलं, "बाई, तुमचं गाणं कुठलं?"

 अख्ख्या गावाला हा प्रश्न विचारणाऱ्या बाईला तो आजवर कुणी विचारला नव्हता. त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "नाताळचं," म्हणाल्या. "तुमी घरोघरी म्हणत फिरतासा, ते."

डिसेंबरात आमची मंडळी संध्याकाळी ढोलकी घेऊन घरोघर गात जातात. प्रत्येक दारात एक गाणं, मग चहा आणि करंज्या. तिथं चार आवाज वगैरे काही नसतं, सगळे एकाच सुरात बेंबीच्या देठापासून ओरडतात. पायपेटी काही उचलून नेता येत नाही, म्हणून बाई घरीच राहतात. "बारकी असताना मीबी फिरायची," बाई म्हणाल्या. "पेटीवर बसवल्यापासनं ते सुटलं. दरसाली दाराला चांदणी लावते, करंज्या करते. तुमी गावभर फिरून दमून येतासा, आन् म्हणतासा, बाई काय, आपल्याच हायत. आन् जातासा घरी."

"मग करंज्यांचं काय करता?"

"काय करायचं? जानेवारीभर खाते."

चरक थांबला होता. बाईंनी रसवंतीवाल्याला बर्फ जास्त घातल्याबद्दल झापलं आणि आम्ही निघालो.

कानाचं कुणाला सांगायचं नाही हा हुकूम होता, पण गाण्याबद्दल हुकूम नव्हता. मी दावीदला गाठून म्हणालो, बाईंची रंगीत तालीम करायचीय. नाताळचं गाणं, चार आवाजांत, बिनपेटीचं, त्यांच्या दारात. दावीद म्हणाला, "वैशाखात नाताळ? मग खरंच सटकलीय बाईंची." आणि मग हातांचं पीठ झटकत म्हणाला, "लेका, त्यांचं गाणं कंचं ते आपुन कवा इचारलंच न्हाई."

चर्चमध्ये तालीम केली तर बाईंना कळणार, म्हणून आम्ही दावीदच्या गिरणीत जमायचं ठरवलं. गिऱ्हाइकं परत पाठवणं त्याच्या स्वभावात नाही, त्यामुळे दळण चालू आणि गाणंही चालू. बायका ज्वारीचे डबे घेऊन रांगेत उभ्या असायच्या आणि आम्ही पिठात पांढरे होऊन मे महिन्यात येशूच्या जन्माचं गाणं म्हणायचो. पहिले काही दिवस पेटीशिवाय आम्ही चार दिशांना चाललो. मग लक्षात आलं, की गिरणीची मोटर एकसारखा सूर लावते. तो धरला की कुणी हलत नाही. मी तर मोटरीच्याच सुरात होतो. आमचं गाणं असं झकास बसलं, की रांगेतल्या बायकांनी दळण झाल्यावरही थांबायला सुरुवात केली.

एका रविवारी उन्हं कलल्यावर आम्ही बाईंच्या दारात जाऊन उभे राहिलो. पाळकसाहेब कुठूनशी नाताळची चांदणी घेऊन आले होते, ती त्यांनी पारिजातकाच्या फांदीला टांगली. मी आत जाऊन बाईंना बाहेर आणलं आणि वेताच्या खुर्चीवर बसवलं. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, चांदणीकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "करंज्या न्हाईत घरात."

 आम्ही सगळे पहिल्यांदाच बाईंच्या तोंडाकडे बघून उभे होतो, आणि आम्हाला भलतंच अवघडल्यासारखं झालं. अंबाडा मागच्या बाजूला. आता सुरुवात कुणाकडे बघून करायची? त्यात सूर मिळेना, कारण मोटर नव्हती. शेवटी दावीदनं डोळे मिटले आणि तोंडानं गिरणी चालू केली, "घर्रर्रर्र..." आणि त्या घरघरीवर आम्ही गाणं सुरू केलं.

पहिलं कडवं छान गेलं. बाईंनी उजवा कान आमच्याकडे केला होता. त्यांचे पाय नेहमीप्रमाणे खुर्चीखाली चालू होते, एकानंतर एक, भात्यात वारा भरत. दुसरं कडवं सुरू झालं आणि काय झालं कुणास ठाऊक, चारही आवाज एकदम, अगदी शिस्तीत, अर्धा सूर खाली बसले. एकानंही चूक केली नाही, सगळे मिळून बसले. शेवटपर्यंत आम्ही तसेच खाली गात राहिलो.

बाईंनी विचारलं, "दुसऱ्या कडव्यात काय झालं?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. पहिलं कडवं संपलं की गिरणीत दावीद पुढचा डबा ओतायचा. दाणे पडले की मोटर दबायची, आणि मोटरीबरोबर आम्हीही.

"ज्वारी, बाई," दावीद मान खाली घालून म्हणाला.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. गिरणी, मोटर, डबे. मग त्या एवढ्या हसल्या, की डोळ्यांना पदर लावावा लागला. तो त्यांनी जरा जास्तच वेळ लावून ठेवला. पदर खाली आला तेव्हा त्या पुन्हा मेट्रन झाल्या होत्या. "टेनर मोठा हाय. परत! आन् आता बिनज्वारीचं."

सूर त्यांनीच दिला, बसल्या बसल्या, गुणगुणून. आम्ही परत गायला लागलो. खालचा सूर लावताना मला मान खाली घालायची सवय आहे, त्यामुळे माझी नजर बाईंच्या पायांवर होती. पहिलं कडवं झालं. दुसऱ्यात आम्ही कुठं बसलो नाही. तिसरं सुरू झालं तसे ते पाय हळू झाले, आणि मग थांबले. पाय थांबले की आवाज संपतो, हे त्या बाईच्या अंगात लहानपणापासून मुरलेलं. या खेपेला आवाज संपला नाही. आम्ही गात होतो, आणि बाई मांडीवर हात ठेवून नुसत्या ऐकत बसल्या होत्या.